पाटील, पोतदार, डिंगरे : कामावरून आलेलं आडनाव कसं उलगडावं

नाना फडणवीसांचं घराणं मुळात वेळासच्या भानूंचं. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांचे पूर्वज सिधये. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी हे चित्रे. जोतीराव फुल्यांचं घराणं साताऱ्याकडच्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. वडील आणि चुलते पेशव्यांकडे फुलं पुरवू लागले आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. चारही घरांत काम किंवा वतन, म्हणजे वंशपरंपरेनं चालणारा हुद्दा आणि त्याचं उत्पन्न, आलं आणि जुनं आडनाव मागं पडलं.

‘आमचं आडनाव कुठून आलं?’ असं कोणी विचारलं की मी आधी हीच चार नावं सांगतो. बहुतेक जण शब्दाचा अर्थ शोधायला निघतात. कुलकर्णी म्हणजे काय, सबनीस म्हणजे काय, हे कोशात मिळतं आणि शोध तिथंच थांबतो. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो : हे काम कोणत्या गावात होतं, कोणी दिलं होतं, आणि ते घरात किती पिढ्या टिकलं? मराठी मुलखात कामावरून आलेली आडनावं बहुतांशी कसबापेक्षा हक्काची आहेत. गावाच्या पिकात, इनामाच्या जमिनीत, देवळाच्या उत्पन्नात घराचा वाटा होता, त्याची ती खूण. म्हणूनच हक्काचे कागद झाले, आणि म्हणूनच आज माग काढता येतो.

पहिली पायरी : थर वेगळे करा

एक वही घ्या आणि घरातल्या थोरांकडून चार गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या : आजचं आडनाव, त्याआधीचं आडनाव, कूळ, आणि गावात घराला ज्या नावानं हाक मारत ते नाव. या चारांची सरमिसळ झाली की पुढचं सगळं चुकतं.

तुकाराम महाराजांचंच उदाहरण घ्या. आडनाव आंबिले, कूळ मोरे, व्यवसाय वाण्याचा, आणि घरात देहूच्या पेठेची महाजनकी. एकाच माणसाला चार ओळखी, चारही खऱ्या. त्यांच्या वंशातल्या कोणी महाजन लावलं असतं तरी ते चूक ठरलं नसतं.

माझ्या आजोळचं आडनाव चौगुले. चौगुला म्हणजे पाटलाचा मदतनीस. आजी सांगायची, ‘आपण मूळचे चौगुले नव्हे, चौगुलकी आपल्याकडं आली.’ लहानपणी हे वाक्य कानावरून गेलं. पुढं कागद चाळायला लागलो तेव्हा कळलं, की आजीनं एका वाक्यात सगळी पद्धत सांगून ठेवली होती. चौगुलकी ही विकत घेता, गहाण ठेवता, वाटून घेता येणारी गोष्ट होती. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची अशी वाक्यं जशीच्या तशी, त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवा. ‘आली’ म्हणाल्या तर ‘आली’च लिहा.

दुसरी पायरी : शब्द फोडा

आडनावाचा शेवट आणि सुरुवात पाहिली तरी बरंच हाती लागतं.

‘नीस’ हा फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फारसी पत्रव्यवहार पाहणारा पारसनीस, पोत म्हणजे खजिन्याचा हिशेब ठेवणारा पोतनीस, कारखान्यांचा म्हणजे कोठारांचा हिशेब ठेवणारा कारखानीस. फडणीस शब्दाची फोड दोन तऱ्हांनी करतात : कोणी फड म्हणजे कचेरी असं धरतात, कोणी फर्द म्हणजे हिशेबाचा कागद. काम मात्र एकच, हिशेबाचं. ‘दार’ म्हणजे धारण करणारा : इनामदार, किल्लेदार, हवालदार, सुभेदार, निशाणदार, मुजुमदार. बंगालातले मजुमदार आणि आपले मुजुमदार यांचा नात्यागोत्याचा संबंध नाही, पण शब्द तोच, जमाखर्चाच्या दप्तराचा. ‘सर’ पुढं लागला की वरिष्ठ : सरदेशमुख, सरपोतदार, सरनाईक, सरनोबत.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी फारसी हुद्द्यांना संस्कृत नावं दिली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत. पण लोकांच्या आडनावांत पाहा : मुजुमदार आणि वाकनीस आजही घरोघर भेटतात, अमात्य आणि सचिव ही नावं मोजक्या सरदार घराण्यांपुरती राहिली. दरबाराची भाषा बदलता आली, लोकांच्या तोंडातलं नाव तसंच राहिलं.

देशी शब्दही फोडून पाहा. कुलकर्णी म्हणजे कुळांची करणी, गावातल्या जमीन कसणाऱ्यांचा हिशेब लिहिणारा. नाडकर्णी म्हणजे नाडाचा, अनेक गावांच्या गटाचा हिशेबनीस. हे नाव गोव्याकडं आणि कारवारकडं जास्त. पाटील हा जुन्या ताम्रपटांतल्या ‘पट्टकिल’ शब्दावरून आला, गुजरातेतला पटेल त्याचाच भाऊ. जोशी म्हणजे ज्योतिषी. दळवी हा कानडी दळवायी, सैन्याचा पुढारी. राऊत म्हणजे घोडेस्वार.

जुन्या अर्थासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. १८३१ मध्ये तो पहिल्यांदा निघाला, म्हणजे पेशवाई बुडून उणीपुरी तेरा वर्षं झालेली होती. त्यातले हुद्द्यांचे अर्थ ती कामं प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांकडून आलेले आहेत. कोश इंटरनेटवर मोफत पाहता येतो.

तिसरी पायरी : काम कोणत्या दुनियेतलं ते ठरवा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, कारण पुढचे कागद कुठं शोधायचे ते इथंच ठरतं.

*गावचं आणि परगण्याचं वतन.* पाटील, कुलकर्णी, चौगुले, आणि परगण्यावर, म्हणजे अनेक गावांच्या विभागावर, देशमुख, देशपांडे. कोकणात खोत, दक्षिणेकडं आणि गोव्यात देसाई, सरदेसाई. पेठेचे अधिकारी शेटे आणि महाजन, म्हणून ही आडनावं बाजारपेठेच्या गावांशी जोडून पाहावीत.

या वर्गाबद्दल एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे, की आडनावावरून जात कळते. पाटील मराठा आहेत, कुणबी आहेत, माळी, आगरी, कोळी, लिंगायत, जैन, खानदेशातले लेवा, मुसलमानही आहेत. देशमुख मराठा तसे ब्राह्मण आणि कायस्थ प्रभूही. पावनखिंडीत पडलेले बाजीप्रभू देशपांडे कायस्थ प्रभू होते. गावाचा पाटील त्या गावातल्या ज्या समाजाकडं वतन गेलं त्या समाजाचा. हुद्द्याला जात नव्हती, ती घराला होती.

*बलुतं.* सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, चांभार, सोनार, मुलाणी, कोळी. वर्षभर गावाचं काम करायचं आणि खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा घ्यायचा. बारा बलुतेदारांची यादी गावागावाला थोडी बदलते. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी या संतांच्या नावांत काम आहे, पण ते आजच्या अर्थानं आडनाव नव्हे. ती ओळख होती, गावाला माणूस सांगायची.

इथं सावकाश चालावं लागतं. पुष्कळ बलुतेदार घरांना स्वतःचं आडनाव होतंच : कुळाचं, गावाचं, एखाद्या पूर्वजाचं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ते विचारलं नाही. ‘नाव काय? जात काय?’ एवढंच विचारलं आणि आडनावाच्या जागी कुंभार, परीट लिहून टाकलं. पुढं त्याच घरातल्या कोणी शहरात आल्यावर ते नाव बदलून गावावरून ‘कर’ लावलं, कारण कामाच्या नावावरून त्यांना कमी लेखलं जात होतं. दोन्ही वेळा नाव बदललं ते दुसऱ्यांच्या वागण्यामुळं. म्हणून अशा घरात चौकशी करताना ‘खरं आडनाव काय?’ असं विचारू नये. ‘कोणत्या कागदावर काय लिहिलंय?’ असं विचारावं.

*बाजार आणि कसब.* तांबोळी, आतार, बागवान, मणेर, शिकलगार, पिंजारी, नदाफ, रंगारी, तांबट, कासार, कोष्टी, साळी. यातली पुष्कळ नावं दक्षिण महाराष्ट्रातल्या मुसलमान घरांत आहेत. पानं विकणारे, अत्तर विकणारे, फळं विकणारे, बांगड्या भरणारे, हत्यारांना धार लावणारे, कापूस पिंजणारे. ही नावं शोधायची तर गावापेक्षा पेठ आणि आळी शोधावी. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी हे ठळक उदाहरण. तांब्या-पितळेचं काम करणारी घरं तिथं पेशवाईत वसली आणि हातोड्याचा आवाज तिथं अजूनही ऐकू येतो.

*दरबार आणि किल्ला.* सबनीस, कारखानीस, हवालदार, गडकरी, पागनीस, दफ्तरदार, जमेनीस.

*देऊळ.* बडवे, उत्पात, भोपे, पुजारी, गुरव, पुराणिक, क्षेत्रोपाध्ये. आणि इथं मला पंढरपूरपाशी थांबायचंय, कारण आडनाव म्हणजे हक्क ही गोष्ट इतकी स्पष्ट दुसरीकडं कुठं दिसत नाही. विठ्ठलाच्या देवळात बडव्यांच्या जोडीला सात सेवाधारी होते. पूजा करणारे पुजारी. मंत्र म्हणणारे बेणारी. पाणी आणि पूजेचं साहित्य आणून देणारे परिचारक. देवापुढं पदं म्हणणारे हरिदास. देवाला आरसा दाखवणारे डिंगरे. चोप घेऊन उभे राहणारे डांगे. दिवटी धरणारे दिवटे. रुक्मिणीची सेवा उत्पातांकडं. देवाच्या दिवसभराच्या उपचारांतला एकेक उपचार एकेका घराचं आडनाव झाला. १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमानं हे वंशपरंपरागत हक्क काढून घेतले, न्यायालयात वाद चालला आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं तो संपला. आज दिवट्यांच्या घरात कोणी दिवटी धरत नाही. आडनाव तेवढं आहे.

चौथी पायरी : फसवी नावं ओळखा

नाव कामाचं वाटतं आणि नसतं, असं फार वेळा होतं. तेलंग पाहून तेल आठवतं, पण ते तेलंगणाकडून आलेल्यांचं नाव. ‘कर’ बहुतेक वेळा गावाचा, पण गडकरी मात्र गड सांभाळणारा. तांबे, लोखंडे, कुऱ्हाडे यांत धातू आणि अवजार आहे, म्हणून ते तांबट किंवा लोहार ठरत नाहीत. टोपणनाव, अंगचा गुण, एखादा प्रसंग, काहीही असू शकतं.

पोतदार हे नाव दोन्हीकडून फसवतं. गावात नाणी पारखण्याचं काम बहुधा सोनाराकडं असे, म्हणून पुष्कळ पोतदार सोनार. पण सरकारी खजिन्यावरचा अधिकारीही पोतदारच, आणि ती घरं ब्राह्मणांचीही आहेत. शब्द एक, जागा दोन. गावाचं नाव हाती आल्याशिवाय निर्णय करू नका.

पाचवी पायरी : कागद उलट्या क्रमानं लावा

आजपासून मागं जा. थेट शिवकाळात उडी मारणाऱ्यांना बहुतेक वेळा दुसऱ्याच घराचे पूर्वज सापडतात.

सुरुवात आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीनं करा. मग तहसील कचेरीतलं जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली तेव्हा हे शब्द घरोघर पोचले, त्यामुळं आता कचेरीत ते समजावून सांगावे लागत नाहीत.

त्यानंतर जमीन. आजचा सातबारा महाभूलेखवर मिळतो, पण तुम्हाला हवेत जुने सातबारे आणि फेरफार. स्कॅन केलेले जुने अभिलेख ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर जिल्ह्यानुसार पाहता येतात. फेरफारात ‘वतन’, ‘इनाम’, ‘रिग्रँट’, ‘नजराणा’ असे शब्द दिसले की थांबा. म्हणजे ही जमीन कामाच्या मोबदल्यात होती. गाव नमुना ३ ही दुमाला म्हणजे इनाम जमिनींची नोंदवही, तिची नक्कल मागा. देवस्थान इनाम वर्ग ३ मध्ये असतं. गुरव, पुजारी, भोपे या घरांनी ते आवर्जून पाहावं.

पुढचे काही टप्पे ध्यानात ठेवले की फेरफाराच्या तारखा बोलू लागतात. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्येच कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले. कोकणातली खोती १९४९ च्या कायद्यानं गेली. मुंबई राज्यात परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं, महार आणि रामोशी यांच्यासारखी कनिष्ठ गाववतनं १९५८ च्या कायद्यानं, मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं. तुमच्या फेरफाराची तारीख यांपैकी एकाच्या लगतची असेल, तर कोणतं वतन खालसा झालं हे नोंदीत स्पष्ट नसलं तरी अंदाज बांधता येतो. मराठवाड्याचे आणि विदर्भाचे कायदे वेगळे होते, तिथं हाच कित्ता गिरवू नका.

याच्या मागं गेलात की मोडी. इथं एक गोष्ट मी अनुभवानं शिकलो : माणसाचं नाव शोधू नये, वतनाचं नाव शोधावं. जुन्या कागदात आडनाव बहुधा नसतंच. ‘अमुक बिन अमुक, मोकदम, मौजे अमुक’ असं असतं. बिन आणि वलद म्हणजे मुलगा, मोकदम म्हणजे पाटील. पण पाटीलकी, कुलकर्ण, जोशीपण, चौगुलकी, शेटेपण, देशमुखी हे शब्द तिथं हमखास सापडतात, कारण भांडण त्यांच्यावरूनच व्हायचं. सगळ्यांत बोलका कागद म्हणजे महजर, गोतसभेनं म्हणजे भाऊबंद आणि गावकऱ्यांच्या सभेनं दिलेला निवाडा. त्यात सारा गाव साक्षीला येतो. पाटलाची सही म्हणजे नांगराची निशाणी, आणि बलुतेदार आपापल्या हत्याराची खूण करीत. अक्षर न येणाऱ्या माणसानं आपल्या कामाची खूण करून ‘मी हजर होतो’ असं सांगितलंय. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

हे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात, कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आणि १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहेत. घराणं बडोदा, ग्वाल्हेर, इंदूरकडं गेलं असेल तर तिकडची संस्थानी दप्तरं पाहा. तंजावरला गेलं असेल तर तिथल्या सरस्वती महालात मोडी कागदांचा मोठा साठा आहे.

तारखा वाचताना शक सनात ७८ मिळवा, शुहूर सनात ५९९ किंवा ६००, दक्षिणेतल्या फसलीत ५९०. वर्ष मध्येच बदलतं, तेव्हा एखाद्या वर्षाचा फरक पडतो. शुहूर सन अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेला असतो, त्याचा तक्ता आधी उतरवून न्या.

सहावी पायरी : सांगणाऱ्यांना विसरू नका

सातारा, सांगली, कोल्हापूर आणि त्याला लागून असलेल्या कर्नाटकात हेळवी येतात. वंशावळ सांगणं हेच त्यांचं काम, तेही पिढ्यान्पिढ्यांचं. त्यांच्या चोपड्यांत तुमच्या घराच्या शाखा, स्थलांतरं, मूळ गाव मिळतं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांकडं नामावळ्या असतात. तिथं आडनाव सांगून काम होत नाही, मूळ गाव सांगावं लागतं. पणजोबा तीर्थाला आले असतील तर त्यांनी स्वतः सांगितलेलं आडनाव तिथं लिहिलेलं असतं. मास्तरांनी लिहिलेल्या आडनावाशी ते ताडून पाहा. हेळव्यांना आणि उपाध्यायांना योग्य दक्षिणा द्या, त्यांनी हे जपलंय.

सातवी पायरी : आपलं आडनाव इतकं जास्त किंवा इतकं कमी का?

यासाठी सोपा हिशेब आहे : जागा किती होत्या आणि त्या किती ठिकाणी वाटल्या गेल्या. पाटील गावोगाव, म्हणून पाटील सगळीकडं. कुलकर्णी एकेकाकडं अनेक गावं असत, म्हणून पाटलांहून कमी, तरी पुष्कळ. देशमुख-देशपांडे परगण्याला, म्हणून आणखी कमी. पारसनीस, वाकनीस दरबारालाच लागत, म्हणून विरळ. आणि डिंगरे तर एकाच देवळाचे.

त्यात भाऊबंदकी मिळवा. वतनाच्या तक्षिमा, म्हणजे वाटण्या, पडत गेल्या. काम एकच भाऊ करी, पण वाटा सगळ्यांना आणि आडनावही सगळ्यांना. त्यामुळं चार पिढ्यांत एका पाटलाच्या घरातून पाटलांची अख्खी आळी उभी राहते. कसबाच्या नावांचं तसं होत नाही, तिथं माणसं धंदा बदलतात, गाव सोडतात, नाव बदलतात.

मतदारयादी घेऊन तालुक्यातल्या गावांत तुमचं आडनाव कुठं दाट आहे ते नकाशावर खुणा करून पाहा. दाट असलेलं गाव मूळ गाव असेलच असं नाही, पण चौकशी तिथून सुरू करावी. पाटलांनी मात्र या वाटेला जाऊ नये, त्यांच्यासाठी कूळ आणि कुलदैवत हाच धागा.

मिळालं ते लिहून ठेवताना

दर नोंदीपुढं चार रकाने करा : कागद कोणता, वर्ष, आडनाव अक्षरशः कसं लिहिलंय, आणि सोबत गावाचं नाव. फडणीस आणि फडणवीस, शेटे आणि शेट्ये, जे लिहिलंय तेच उतरवा, सुधारू नका. कागदातलं आणि ऐकीव वेगवेगळ्या शाईनं लिहा. माझ्या वहीत आजीचं वाक्य निळ्या शाईत आहे. त्याच्याखाली बारा वर्षांनी काळ्या शाईत एक ओळ आली : चौगुलकी विकत दिल्याचं खरेदीखत, शके १७१२.